दुधाचं बोट

वैजूनं बटण दाबलं. कंप्युटरच्या डब्यातला पंखा गरगरला, हिरवा दिवा लागला आणि मग तो आवाज सुरू झाला. लांबलचक, थांबून थांबून, भुकेल्या रेडकासारखा. पडदा मात्र काळाच राहिला.

"ओरडतंय कशाला गं ते?" अक्काताईंनी विचारलं.

"काहीतरी सांगतंय, अक्का. ऐकूया."

"ऐक बाई," मालन दारातनं म्हणाली. "म्हस ओरडली तर आमाला कळतं, पाणी पायजे का पेंड. ह्याचं तूच बघ."

दुपार कलायला लागली होती. आमच्या महिला दूध संस्थेच्या खोलीत आम्ही चौघीच होतो. खुर्चीत चेअरमन अक्काताई, दारात कमिटीतली मालन, टेबलाशी माझी सून वैजयंता, म्हणजे वैजू, आणि तिच्या शेजारी मी, हातात केरसुणी धरून. मी संस्थेची सभासद होते आणि खोलीची झाडलोटही माझ्याकडंच होती.

त्या दिवसाच्या सांजपासून दूध संघानं नवा प्रोग्राम सक्तीचा केला होता. हातानं लिहिलेली नोंद चालणार नाही, जुन्या प्रोग्रामातली चालणार नाही, असं कळवलं होतं. आमच्या कंप्युटरला तो नवा प्रोग्राम झेपत नव्हता. "त्याची मेमरी कमी पडतीया," असं वैजूनं आम्हाला समजावलं होतं. त्यासाठी आत आणखी एक पट्टी बसवायची होती. कंगव्याएवढी हिरवी पट्टी, खालच्या कडेला बारीक सोनेरी दात. तालुक्याच्या दुकानदारानं पट्टी दिली, पण बसवायला माणूस पुढच्या आठवड्यात येईल म्हणाला. वैजू म्हणाली, मी बसवते.

लग्नाआधी तिनं कंप्युटर दुरुस्तीचा कोर्स केला होता. जुने सचिव सोडून गेल्यापासून सचिवाचं काम तीच बघत होती, पण तात्पुरतं. मालनच्या बहिणीचा मुलगा धनाजी कंप्युटर शिकून घरी बसला होता, आणि ती जागा त्याला मिळावी असं मालनला वाटत होतं. त्यात तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. बहिणीचा मुलगा म्हटल्यावर कुणालाही वाटेल. पण मला ती खुर्ची माझ्या सुनेसाठी हवी होती, हेही सरळ सांगते. गावात कुणाची सून अशी टेबलामागं बसलेली नव्हती.

कमिटीच्या बैठकीत बरीच वादावादी झाली, तेव्हा अक्काताईंनी निकाल देऊन टाकला होता.

"वैजूला बसवू दे पट्टी. नव्या प्रोग्रामात सांजच्या दुधाची नोंद चढली, तर वैजू कायमची सचिव. न्हाई चढली, तर धनाजीला बलवायचं. मग कुणी तोंड वाकडं करायचं न्हाई."

आणि आता तो डबा ओरडत होता.

वैजूनं वायर काढली, लोखंडी कपाटाला हात लावला आणि मग डब्याच्या आत हात घातला. दर वेळी ती असंच करायची. आधी कपाट, मग डबा.

"कपाटाच्या पाया पडतीस व्हय गं?" मालननं विचारलं.

"अंगातली वीज उतरती, काकी. न्हाईतर पट्टीला लागती."

"अंगात वीज असती तर लाइट गेल्यावर तुलाच लावलं असतं की खांबाला."

अक्काताई हसल्या. वैजूही हसली, पण तिच्या कपाळावर घाम होता. तिनं नवी पट्टी काढली आणि जुनी एकटी ठेवली. जुनीवर कंप्युटर सकाळपर्यंत चालत होता. बटण दाबलं. तोच आवाज. जुनी पट्टी दुसऱ्या खाचेत बसवली. तोच आवाज. जुनी काढून नवी एकटी घातली. तरी तोच. पडद्याची वायर काढून घातली, कीबोर्ड काढून बघितला. डबा काही ऐकेना.

शेवटी तिनं दुकानदाराला फोन लावला. त्याचा आवाज असा मोठा की आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता.

"दोन्ही पट्ट्यांवर ओरडतोय ना? मग बोर्ड गेला मॅडम. आत हात घालताना काहीतरी झालं असणार. म्हणून म्हणत होतो, माणूस येईपर्यंत थांबा. डबा घेऊन या, बघू परवा-तेरवा."

वैजूनं फोन ठेवला.  बाहेर कुणीतरी कॅन धुवत होतं.

"धनाजीला फोन करू काय अक्का?" मालननं विचारलं. आवाजात खवचटपणा नव्हता. उलट जरा हळूच विचारलं तिनं.

"दूध आलंय का अजून?"

"न्हाई."

"मग गप बस." अक्काताई वैजूकडं वळल्या. "पोरी, जमंल का? खरं काय ते सांग."

"अजून मला म्हाईत न्हाई, अक्का. म्हाईत झालं की सांगते."

अक्काताईंनी मान हलवली आणि त्या तपकिरीची डबी काढून बसल्या. त्यांचा स्वभाव असाच. ही संस्था त्यांनीच उभी केली. बाप्यांच्या संस्थेत बायकांना दुधाचा हिशेब सांगत नाहीत म्हणून त्या उठल्या, आणि पहिले कितीतरी महिने स्वतःच्या डोक्यावर कॅन घेऊन संघाच्या गाडीपर्यंत चालत गेल्या. नवऱ्यामागं दोन मुलं वाढवली. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कॅनचं झाकण उघडलं की नुसत्या वासावरनं दूध सकाळचं की सांजचं ते सांगायच्या. त्यांच्यासमोर खोटं बोलायला बायका घाबरायच्या.

वैजू खाली फरशीवर बसली. डबा समोर, पट्ट्या मांडीवरच्या कागदावर. मी तिच्या शेजारी टेकले.

"आत्या," ती हळू आवाजात म्हणाली, "बोर्ड गेला म्हंत्यात. पण हा आवाज कोण काढतंय? बोर्डच काढतोय. मेलेलं ओरडत न्हाई."

"मग?"

"बोर्ड जिता हाय. त्याला पट्टी दिसंना झालीया. आता नवी पट्टी खराब निघू शकती. पण जुनी सकाळपर्यंत चांगली हुती. दोघींना एकदम काय झालं?"

मला त्यातलं काय कळणार होतं. पण ती मला सांगत नव्हतीच, स्वतःलाच विचारत होती.

"दोघी एकत्र कुठं हुत्या?" ती म्हणाली. "डब्यात दोघी गेल्या आणि पहिल्याच बटणाला ओरडलं, म्हंजे बिघाड त्याच्या आधीचा. धूळ काढायची म्हणून मी जुनी काढून ठेवली हुती. तवा दोघी एकत्र हुत्या त्या फक्त टेबलावर. मी बाहेर डब्यातली धूळ काढत हुते तेवढा वेळ."

तिनं जुनी पट्टी उचलून दाराच्या उजेडाकडं धरली. तिरकी केली, परत सरळ केली. मग नाकाजवळ नेली.

आणि ती थांबली.

तिनं नवी पट्टी उचलली. तिचाही वास घेतला. मग दोन्ही माझ्या हातात दिल्या. पट्ट्या अजून कोमट होत्या. मी नाकाला लावल्या. सगळं आयुष्य धारा काढण्यात आणि दूध तापवण्यात गेलेल्या बाईला तो वास ओळखायला वेळ लागत नाही. वाळलेलं दूध होतं ते. भांड्याच्या काठाला लागून राहतं ना, तसलं.

मग मला सकाळ आठवली.

आमच्या संस्थेची एक रीत होती. नवी वस्तू आली की अक्काताई तिला दुधाचं बोट लावायच्या. पहिल्या कॅनला त्यांनी लावलं होतं, तेव्हापासूनची रीत. वजनकाट्याला लावलं, फॅटच्या मशीनला लावलं, दाराच्या नव्या कुलपालासुद्धा लावलं. दुधावर चालणारं घर, तर वस्तूच्या तोंडी आधी दूध जायला हवं, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी सकाळी वैजू डबा घेऊन बाहेर सोप्यात बसली होती, सायकलचा पंप मारून आतली धूळ उडवत होती. टेबलावर कागदावर दोन पट्ट्या ठेवल्या होत्या. मी केर काढत होते. अक्काताई दुधाची वाटी घेऊन आल्या, नव्या पट्टीच्या सोनेरी दातांवरनं बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "किती नाजूक हाय गं." मग जुनीवरनंही फिरवलं. "नवी आली म्हणून जुनीला डावलू ने." डाग दिसू नये म्हणून पदरानं दोन्ही हळूच टिपल्या, आणि वाटी घेऊन गेल्या. रोजचीच गोष्ट म्हणून माझ्या मनातही काही आलं नाही.

मी वैजूकडं बघितलं. वैजूनं अक्काताईंकडं बघितलं. त्या खुर्चीत बसून तपकीर ओढत होत्या. मग वैजूनं माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. अगदी थोडी. बोलू नका.

"आत्या, तुमचं खोडरबर द्या," ती मोठ्यानं म्हणाली.

माझ्या पिशवीत पेन्सिल आणि खोडरबर असायचं. दुपारी काम नसलं की वैजू मला तिथंच टेबलापाशी अक्षरं शिकवायची. या वयात माझं जोडाक्षरांपर्यंत आलं होतं. मी खोडरबर दिलं. फॅट तपासायच्या सामानाच्या कपाटात स्पिरिटची बाटली होती, तीही तिनं मागून घेतली. सगळ्यांकडं पाठ करून ती बसली. आधी कापसानं दात पुसले, मग खोडरबरानं घासले, मग फडक्यानं. मऊ ब्रशनं खाचा झाडल्या, पंपानं हवा मारली. परत वास घेतला. परत पुसलं. मी तिचा हात बघत होते. एक दात तिनं सोडला नाही.

"घावलं का काय?" अक्काताईंनी विचारलं.

"कडा साफ नव्हत्या, अक्का. करते."

तेवढ्यात बायका यायला लागल्या. आधी शेवंता कांबळे, मग हौसाक्का, मग एकेक करत ओळ दाराबाहेर गेली. कुणाच्या हातात किटली, कुणाच्या काखेत कळशी.

"का गं, काटा का चालू न्हाई?"

"कंप्युटर रुसलाय म्हणं."

"मग मी काय करू? घरी जाऊन म्हशीला सांगू, घे बाई परत?"

"खालच्या आळीतल्या खाजगी डेअरीत चालू हाय. त्यास्नी कंप्युटर रुसत न्हाई."

"त्यास्नी कंप्युटरच न्हाई, रुसणार कोण?"

हसणं झालं, पण मागच्या दोघी-तिघींनी किटल्या उचलल्याच होत्या. मालन दारातनं बाजूला झाली आणि तिनं फोन हातात घेतला. मला त्या फोनखेरीज दुसरं काही दिसेना.

वैजूनं कपाटाला हात लावला. जुनी पट्टी बसवली, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या कट कट लागल्या. नवी बसवली. परत कट कट. वायर जोडली. डबा तसाच उघडा ठेवून तिनं बटण दाबलं.

पंखा फिरला. एकच बारीकसा आवाज आला, चिमणीनं चोच उघडून मिटावी तसा. मग काही नाही. मला वाटलं, संपलं. आणि पडदा उजळला. पांढरी अक्षरं भराभर खालनं वर जायला लागली.

"आलं बघ," ओळीतली कुणीतरी म्हणाली.

वैजू ती अक्षरं वाचत होती. "दोन्ही दिसल्या त्याला," ती पुटपुटली. नवा प्रोग्राम घालायला थोडा वेळ गेला, तेवढा वेळ बायकांनी किटल्या खाली ठेवून गप्पा मारल्या. ज्यांनी उचलल्या होत्या त्यांनीही ठेवल्या.

मालन टेबलापाशी आली.

"काय झालं हुतं गं नेमकं?"

ओळीतल्या पुढच्या बायकाही कान देऊन होत्या. अक्काताईही वळल्या. मी टेबलाशी वैजूच्या शेजारी उभी होते आणि माझ्या जिभेवर सगळं तयार होतं.

"पट्ट्यांच्या कडा साफ नव्हत्या, काकी. त्यामुळं नीट टेकल्या न्हाईत."

"मग बसवायच्या आधी बघायला नगं?"

"बघायला पायजे हुतं. मी बघितलं न्हाई."

"म्हंजे चूक तुझी."

"व्हय. माझी."

मालन लगेच अक्काताईंकडं वळली. "ऐकलं न्हवं, अक्का? तिच्याच तोंडानं सांगितलं. आज कडा बघितल्या न्हाईत, उद्या आणि काय बघणार न्हाई. सचिवाचं काम हाय हे."

मी तोंड उघडलं. टेबलाखालून वैजूचा पाय माझ्या पायावर पडला, चांगला जोरात. मी तोंड मिटलं. पण मनात तेच घोळत होतं. चूक कुणाची, बोलणं कोण खातंय, आणि खुर्ची जातीय कुणाची.

अक्काताई वैजूकडं बघत राहिल्या.  मग त्यांनी तपकिरीची डबी बंद करून कनवटीला लावली.

"मालन, अट काय घातली हुती मी?"

"सांजच्या दुधाची."

"दूध थांबलंय का?"

मालननं ओळीकडं बघितलं. "न्हाई. पण..."

"मग पणबिण काय न्हाई. पुढं या गं, पहिली किटली कुणाची?" शेवंतानं किटली काट्यावर ठेवली. अक्काताई वैजूला म्हणाल्या, "सचिव, नाव घाला."

आत्तापर्यंत त्या तिला वैजू म्हणायच्या, फार तर पोरी. अहो-जाहो पहिल्यांदाच केलं. वैजूची बोटं क्षणभर कीबोर्डवर थांबली, मग चालायला लागली. पहिली चिठ्ठी छापून बाहेर आली ती मी वाचली. कांबळे शेवंता. जोडाक्षर त्यात एकही नव्हतं.

घरी जाताना वाटेत मी तिला सोडलं नाही.

"बोलली का न्हाईस? खुर्ची गेली असती की तुझी."

"गेली असती."

"आणि तरीबी?"

 ती म्हणाली, "आत्या, हौसाक्का परवा पहिल्यांदा माऊसला हात लावायला आल्या. किती दिवस बोलावत हुते मी. सगळ्याजणींना एकच भ्या, की आपला हात लागला की मशीन बिघडतंय. अक्कांच्या बोटानं ते बंद पडलं असं मी आज ओळीसमोर सांगितलं असतं, तर उद्यापासनं एक बाई टेबलाजवळ आली नसती. मग नुसती मी आणि तो डबा. तसली सचिव होऊन काय करू?"

"आणि अक्का?"

"त्यांनी तर पुन्हा कशाला बोटच लावलं नसतं." ती थांबली. "किती कौतुकानं लावत्यात त्या."

पुढं ती रात्रीच्या भाजीचं बोलायला लागली. मला मात्र त्या वाटेवर भेटेल त्या माणसाला थांबवून सांगावंसं वाटत होतं, की ही माझी सून. आणि नेमकं तेच सांगता येत नव्हतं. सांगायचं तर अक्काताईंचं नाव आलं असतं. अभिमानाची गोष्ट गिळून बसणं किती अवघड असतं ते मला तेव्हापासून ठाऊक आहे. मी ती पुष्कळ वर्षं गिळली.

त्या वर्षांत वैजूनं हौसाक्काला नोंद करायला शिकवलं, मग शेवंताला. नंतर नंतर सहा महिन्यांच्या पाळीनं बायकाच टेबलाशी बसायला लागल्या. मालनसुद्धा बसली, आणि चष्मा नाकावर ओढून असं बटण दाबायची की जणू तिच्याच माहेराहून आणलंय. धनाजीला संघात नोकरी लागली. संघाची माणसं आमची संस्था बघायला दुसऱ्या गावच्या बायकांना घेऊन यायची, तेव्हा अक्काताई खुर्चीतनं उठून म्हणायच्या, "आमच्या सचिवास्नी विचारा." मी कोपऱ्यात उभी राहून ऐकायची.

गेल्या थंडीत अक्काताई अंथरुणाला खिळल्या. मी रोज दुपारी त्यांच्यापाशी जाऊन बसायची. एका दुपारी त्या डोळे मिटूनच म्हणाल्या,

"तुझी सून लई पक्की."

"का वं अक्का?"

"पट्टीचा वास घेतला तिनं. मग तुला दिली. तू घेतलास. मी खुर्चीतनं बघत हुते."

मी त्यांचं पांघरूण सारखं करायला लागले.

"जन्म दुधात गेला माझा," त्या म्हणाल्या. "दोन बायका एका वस्तूचा वास घेत्यात आणि माझ्याकडं बघत्यात. मला कळायला मास्तर पायजे व्हय? सकाळी बोट मीच लावलं हुतं."

"मग बोलला का न्हाईसा तवा? मालन एवढी म्हणत हुती..."

"बोलले असते तर ती सगळ्यांदेखत खोटी पडली असती. तिनं माझ्यासाठी झाकलं, ते मी उघडायचं?" त्यांनी डोळे उघडले. "ती काय म्हणती ते बघत हुते. मशीन चालू केली तवा मला वाटलं, हुशार हाय. चूक माझी म्हणाली, तवा ठरवलं, की आता हिला हलवायची न्हाई. मालननं पाय आपटले असते, कमिटी फुटली असती, तरी न्हाई."

अक्काताई त्यानंतर थोडेच दिवस होत्या.

त्या दुपारी घरी येऊन मी वैजूला सगळं सांगितलं. मला वाटलं, ती चकित होईल. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली.

"मला म्हाईत हुतं, आत्या."

"तुला कसं?"

"पुढं नवा प्रिंटर आला न्हवं? अक्का वाटी घेऊन आल्या. मी बाजूला सरकून जागा दिली. त्यांनी बोट खोक्याला लावलं. आतल्या कशाला शिवल्याबी न्हाईत. मग माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, 'इथं चालतंय न्हवं?' मी म्हटलं, चालतंय."

"आणि मला सांगितलं न्हाईस."

"तुम्ही तरी कुणाला सांगितलंसा?"

म्हणजे तिघींनाही ठाऊक होतं, आणि तिघीही तिथंच रोज एकमेकींसमोर बसत होतो. मी आपली समजत होते की ही गोष्ट एकटी मीच सांभाळतेय.

आता अक्काताई नाहीत, आणि वैजू सांगणार नाही. म्हणून मी लिहून काढलं. वैजूनं चुका काढायला मागितलं, पण तिला दिलेलं नाही, नाहीतर ती स्वतःचं नाव खोडून टाकेल. उद्या संस्थेत मालनची पाळी आहे. सांजचं दूध यायच्या आधी, वैजूला 'चूक तुझी' म्हणणाऱ्या तिलाच समोर बसवून हे पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवणार आहे.